पुटपाक आणि अर्धा व्होल्ट

गेल्या भाद्रपदात मामीच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही नागपूरहून आमगावला निघालो होतो. भंडारा, साकोली ओलांडून देवरीपर्यंत महामार्गाने आणि तेथून डावीकडे वळून आमगाव, हा आमचा नेहमीचा मार्ग. देवरी सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. त्या दिवसांत धान गर्भाला आलेले असते, आणि सगळा मुलूख हिरव्या पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. अशा रम्य ठिकाणी आमच्या दहा वर्षे जुन्या डिझेल मोटारीच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. पाठोपाठ गाडीतले बळ एकाएकी गेले. गाडी बंद पडली नाही. पण वेगवर्धक कितीही दाबला तरी ती चाळिसाच्या पुढे जाईना. मागून येणारी सायकलवरची शाळकरी मुलेदेखील आमच्याकडे करुणेने पाहत आहेत असे वाटू लागले.

आमगाव हे गाव साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नसावे. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे, गोंदियाच्या पुढचे हे तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून ते नव्या जिल्ह्यात आहे. त्याच्या शेजारी पदमपूर नावाचे खेडे आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत दक्षिणापथातल्या ज्या पद्मपुराचा उल्लेख करतो, ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मानले. आमगावातल्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. आम्ही दरवर्षी वर्गात 'उत्तररामचरिता'विषयी बोलतो, आणि आमचे आजोळ भवभूतीच्या वेशीवर आहे हे विद्यार्थ्यांना सांगण्याची संधी सहसा सोडत नाही. मात्र त्या नाटकातल्या एका उपमेचा अर्थ आम्हाला एका गॅरेजात, मोटारीचे बोनेट उघडे असताना कळला. त्याचीच ही हकिकत आहे.

मामाजी फाटकाशी उभे होते. पस्तीस वर्षे त्यांनी ट्रक चालवला. गोंदियाच्या राइस मिलांतला तांदूळ रायपूर, कलकत्ता, कधी मद्रासपर्यंत नेला. गाडी अंगणात शिरण्याआधीच, निव्वळ आवाजावरून ते म्हणाले, "बाबू, हिला डिझेल पोचून नाही राहिलं." श्राद्धाचा विधी आटोपल्यावर, दुपारी, तेच आम्हाला स्टेशनच्या बाजूच्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेले.

मिस्त्री तिशीचा तरुण. त्याने स्टीअरिंगच्या खालच्या खाचेत एक छोटे यंत्र जोडले, पडद्यावर 'पी ०१९३' असा आकडा उमटला. "गाडी बिघडली नाही जी सर," तो म्हणाला, "गाडी घाबरली आहे."

या वाक्याचा खुलासा त्याने पुढच्या तासाभरात केला. तो येथे आमच्या भाषेत मांडतो, कारण आमच्या बहुसंख्य वाचकांप्रमाणेच आम्हीही तोवर मोटारीत केवळ बसत होतो.

मामाजींच्या ट्रकात इंधनाचा पंप निव्वळ यांत्रिक होता. किती डिझेल, केव्हा सोडायचे हे दाते आणि दट्टे ठरवीत. इंजिनाच्या प्रकृतीची वार्ता घ्यायची तर चालकाचे कान, नाक आणि तळवा हीच साधने. फार तर पाण्याच्या उष्णतेचा एक काटा. १९९७ साली इटलीत 'अल्फा रोमिओ १५६' या मोटारीत 'कॉमन रेल' पद्धत प्रथम विक्रीस आली आणि पुढे सगळ्या डिझेल मोटारींनी ती स्वीकारली. हिच्यात पंप डिझेल दाबून एका जाड पोलादी नळीत भरून ठेवतो. या सामाईक नळीतून प्रत्येक सिलिंडरच्या पिचकारीला वाटा मिळतो. नळीतला दाब इंजिन संथ चालताना अडीच-तीनशे बार असतो, आणि जोर लागतो तेव्हा सोळाशे बारच्याही वर जातो. एक बार म्हणजे साधारण आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब. समुद्राच्या सर्वांत खोल जागी, मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे अकराशे बार दाब असतो. म्हणजे भाजी आणायला निघालेल्या मोटारीच्या पोटातही समुद्रतळाहून अधिक दाब कोंडलेला असू शकतो, आणि बाहेरून नळी मात्र थंड, निश्चल, काही घडतच नसल्यासारखी दिसते.

या नळीच्या एका टोकाला अंगठ्याएवढा सेन्सर आटे फिरवून बसवलेला असतो. त्याच्या आत पोलादाचा एक पातळ पडदा आहे. एका बाजूने त्यावर डिझेल रेटते. दुसऱ्या बाजूला, जेथे डिझेल पोहोचत नाही तेथे, विद्युतरोध करणाऱ्या चार बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दाबाने पडदा अगदी किंचित वाकतो. त्याबरोबर काही पट्ट्या ताणल्या जातात, काही आवळल्या जातात. धातू ताणला की त्याचा विद्युतरोध वाढतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ साली दाखवून दिले होते. या चार पट्ट्या चौकटीसारख्या जोडलेल्या असतात. या जोडणीला व्हीट्स्टनचा सेतू म्हणतात. ती मुळात सॅम्युएल ख्रिस्ती यांनी १८३३ साली मांडली आणि १८४३ मध्ये व्हीट्स्टन यांनी प्रसिद्धीस आणली. चारही रोध समतोल असतील तर सेतूच्या मध्यावर काहीच वाहत नाही. तोल ढळला की तेथे काही सहस्रांश व्होल्ट उमटतात. सेन्सरमधलीच एक चिमुकली मंडल-रचना ते वाढवून अर्धा ते साडेचार व्होल्टच्या पट्ट्यात आणते आणि तारेवरून इंजिनाच्या संगणकाकडे पाठवते. संगणक त्यावरून पंपात शिरणारे डिझेल कमी-अधिक करतो. अनेक इंजिनांत याखेरीज एक सुरक्षा-झडप असते: दाब मर्यादेबाहेर गेलाच तर ती उघडते आणि जादा डिझेल टाकीकडे परत वाहून जाते.

उष्णतेचा सेन्सर याहून साधा. पितळेच्या टोपणात धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला चिनी मातीसारखा एक मणी असतो. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, या मण्याचा मात्र घटतो. असा उलटा स्वभाव फॅरेडे यांना १८३३ सालीच सिल्व्हर सल्फाइडमध्ये आढळला होता. मोटारींत वापरला जाणारा एक नेहमीचा मणी वीस अंशांना सुमारे अडीच हजार ओहम रोध दाखवतो, आणि ऐंशी अंशांना जेमतेम तीनशे. संगणक त्याला एका ठरावीक रोधामागून पाच व्होल्ट पुरवतो आणि मण्यावर किती व्होल्ट उरले हे मोजतो. तेवढ्यावरून त्याला तापमान कळते. असा एक मणी इंजिनाच्या पाण्यात असतो. थंड इंजिनाला सुरू होताना अधिक इंधन लागते, आणि पंखा केव्हा फिरवायचा हेही ठरवावे लागते, ते त्याच्या सांगण्यावरून. दुसरा मणी इंधनाच्या वाटेवर असतो, कारण तापलेले डिझेल पातळ आणि विरळ होते. तेवढ्याच आकारमानात ते कमी भरते, आणि पंपाला लागणारे वंगणही डिझेलच पुरवीत असल्यामुळे फार पातळ डिझेलाने पंप झिजतो.

येथवरचे ऐकताना आम्ही विद्यार्थ्यासारखे माना डोलावत होतो. पण पुढे मिस्त्रीने एक गोष्ट सांगितली आणि आम्ही खुर्ची पुढे ओढून घेतली.

आम्ही विचारले होते, की पुरवठा पाच व्होल्टचा असताना सेन्सर अर्ध्यापासून साडेचारपर्यंतच का बोलतो? शून्यापासून पाचापर्यंत सगळी जागा का वापरत नाही?

"सर, दाब शून्य असला तरी हा अर्धा व्होल्ट सांगते," मिस्त्री म्हणाला. "म्हणते, मी आहे, दाब नाही आहे. आता समजा सिग्नलची तार जमिनीला टेकली. मग संगणकाले शून्य दिसते. सेन्सर शून्यापासून बोलत असता, तर दाब नाही का सेन्सर नाही, हे कसं समजलं असतं?"

आम्ही चाळीस वर्षे भाषेच्या सहवासात आहोत. रिक्त उत्तर आणि उत्तराचा अभाव यांतला भेद आम्ही व्याकरणात, शैलीविचारात, कवितेतल्या मौनाची चर्चा करताना नाना परींनी शिकवला आहे. तो इतक्या स्वच्छपणे सांगता येतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. 'काही नाही' असे सांगण्यासाठीही अर्धा व्होल्ट खर्चावा लागतो. तेवढाही न आला, तर ऐकणाऱ्याने निश्चिंत व्हायचे नसते.

वरच्या टोकालाही तोच न्याय आहे. आमच्या गाडीत सेन्सरची परतीची तार उंदराने कुरतडली होती. धानाच्या मुलखात गाड्यांना हा उपद्रव नेहमीचा. त्यामुळे संदेशाच्या तारेवर जवळजवळ पाच व्होल्ट जाऊन बसले होते. संगणकाने ते खरे मानले असते, तर नळीत अशक्यप्राय दाब आहे असे समजून त्याने इंधन तोडले असते. त्याने ते खरे मानले नाही. साडेचारच्या पुढचा आकांत हा दाबाचा नसून तुटलेल्या तारेचा आहे हे ओळखून त्याने सेन्सरचे ऐकणे थांबवले, अंदाजाने एक सुरक्षित दाब धरला, आणि बळ आवरून गाडी घरी पोहोचेल इतकीच चालू दिली. 'गाडी घाबरली आहे' याचा अर्थ हा. काही महिन्यांपूर्वी हाच दिवा शहरात लागला होता, तेव्हा दुरुस्तीच्या एका दुकानात आम्हाला तो तत्परतेने विझवून देण्यात आला होता. दिवा विझला याचा आनंद मानून आम्ही घरी परतलो होतो. तार तेव्हापासूनच अर्धवट तुटलेली असावी.

आणि तिसरी एक खूण राहिली. मिस्त्री तार जोडताना सहज म्हणाला, की पट्ट्याच्या आत राहूनही सेन्सर खोटे बोलू शकतो. सकाळी इंजिन सुरू झाले आणि दहा मिनिटे चालूनही पाण्याचा मणी तेच पहाटेचे तापमान सांगत राहिला, तर संगणकाला संशय येतो. आकडा अगदी संभवनीय असतो. पण आजूबाजूला सगळे बदलत असताना जो बदलत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, अशी त्याला शिकवण आहे. त्या दोषालाही एक क्रमांक असतो.

मामाजी बाकावर बसून हे सगळे ऐकत होते. इतका वेळ ते एक शब्द बोलले नव्हते.

मामी गेल्यापासून आम्ही दर रविवारी सकाळी त्यांना फोन करीत असू. "मामाजी, कसं आहे?" "ठीक आहे, बाबू." "तब्येत?" "ठीक आहे." "जेवणखाण?" "ठीक." मग पाऊस, धानाचा भाव, फोन बंद. पन्नासएक रविवार हे उत्तर बदलले नाही. त्या वर्षात त्यांच्या घरातून मामी गेली होती, मुलगी सासरी परतली होती, गाय विकली गेली होती, आणि आमचे कान मात्र 'ठीक आहे' या दोन शब्दांवर तृप्त होते. आम्ही त्याला धीरोदात्तपणा म्हणत होतो. मित्रांमध्ये त्याचे कौतुकही केले होते.

तार जोडून झाली. सेन्सर बदलावा लागला नाही. मिस्त्रीने दोष पुसला, गाडी सुरू केली, पडद्यावर दाबाचा आकडा दोनशे ऐंशीच्या आसपास हलू लागला. स्थिर राहिला नाही, हलत राहिला. "आता खरं बोलते," तो म्हणाला.

संध्याकाळी मामाजींनी गाडी तळ्याकडे घ्यायला लावली. या भागात मालगुजारीच्या काळातले तलाव गावोगाव आहेत. मातीची लांब पाळ, एका अंगाला सांडवा. त्या वर्षी पाऊस पुरेसा झाला होता आणि सांडव्यावरून पाणी पातळ चादरीसारखे वाहत होते. पाळीवर बसल्यावर बऱ्याच वेळाने ते बोलले. सलग बोलले नाहीत; पाण्याकडे पाहत, तुटक तुटक.

मामीला ताप होता आठ दिवस. ती म्हणत होती, काही नाही, जरासं अंग दुखते. स्वयंपाक करीत होती, अंगण सारवीत होती. "मी ट्रकच्या केबिनात बसून सांगत होतो बाबू, का इंजिन दोन अंश गरम चाललं. आवाजानं सांगत होतो. आन् घरात आठ दिवस तिच्या कपाळावर हात नाही ठेवला. ती काही नाही म्हणे, मी म्हणो काही नाही." नवव्या दिवशी गोंदियाला नेले, तोवर उशीर झाला होता. वर्षभर हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. मुलीला सांगितले तर तिला वाटेल, बापाने आईकडे पाहिले नाही. आम्हाला का सांगितले नाही, हे त्यांनी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही, कारण उत्तर आम्हाला दिसत होते: आम्ही दर रविवारी जे विचारीत होतो, त्याला दुसरे उत्तर नव्हते.

'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी तमसा आणि मुरला या दोन नद्या भेटतात. रामाच्या शोकाचे वर्णन तेथे पुटपाकाच्या उपमेने केले आहे. वर्गात आम्ही सांगतो, की पुटपाक ही वैद्यांची रीत: औषधी पानांत गुंडाळायची, वर मातीचा जाड लेप द्यायचा आणि विस्तवात ठेवायची, आतला रस आतल्या आत शिजतो, फुटून बाहेर येत नाही. रामाचे दुःख असे आहे, गांभीर्यामुळे न फुटणारे. येथे आम्ही थांबतो, मुले वहीत 'संयत करुण' असे लिहून घेतात.

यापुढची गोष्ट आम्ही कधी सांगितली नव्हती. वैद्य त्या गोळ्याकडे पाहत बसलेला असतो. बाहेरची माती विस्तवात लाल झाली, की आतले शिजले असे समजून तो गोळा बाहेर काढतो. आत डोकावता येत नाही, फोडून पाहिले तर औषध जाते. म्हणून मातीचा रंग ही एकच खूण, आणि ती वाचणारा माणूस शेजारी असला पाहिजे. त्या विष्कंभकात नेमके हेच घडते. नद्या एकमेकींना सांगत आहेत, की राम पुन्हा पंचवटीत आला आहे, जुन्या जागा पाहून त्याचे काही बरेवाईट होईल, गोदावरीने सावध राहावे. उपमा रामाच्या थोरवीचे वर्णन म्हणून येत नाही, ती इशारा म्हणून येते. आम्ही इतकी वर्षे ती अलंकार म्हणून शिकवीत आलो.

त्याच अंकात पुढे तळ्याचा दृष्टान्त आहे. तळे काठोकाठ भरून दाटले, तर पाण्याला वाट करून देणे हाच उपाय, आणि शोकाने ढवळलेले हृदय विलापानेच तग धरते, असा त्याचा आशय. हा दृष्टान्त भवभूतीने पुस्तकात पाहून लिहिला असेल असे आता आम्हाला वाटत नाही. ज्याने भरलेल्या तलावाची पाळ पाहिली आहे त्यालाच सांडव्याचे मोल कळते. सांडवा नसेल तर पाळ फुटते आणि खालच्या बांध्या वाहून जातात. तो खरोखर या पदमपूरचा होता की नाही, याचा निवाडा पंडितांनी करावा. पाळीवर बसून आम्हाला त्याविषयी शंका उरली नव्हती, एवढेच आम्ही नोंदवतो. आणि राम मूर्च्छित पडतो तेव्हा त्याला सावरते ती अदृश्य सीता, हाताच्या स्पर्शाने. मामाजींचे कपाळावर हात न ठेवल्याचे दुःख आम्ही ऐकले, त्याच संध्याकाळी हे आठवले, आणि आठवू नये असे वाटले.

'सेन्सर' या शब्दासाठी आपल्याकडे 'संवेदक' असा शब्द घडवला गेला. तो पारिभाषिक आणि कृत्रिम म्हणून आम्ही आजवर त्याची थट्टा करीत आलो. संवेदना कवीला असते, मोटारीच्या नळीला कसली, असा आमचा प्रश्न असे. आता तो प्रश्न आम्ही मागे घेतो. पोलादी पडद्याला दुःख होत नाही हे खरे आहे. पण ऐकणे कसे असावे, याविषयी त्या संगणकाचे नियम आमच्याहून सूक्ष्म आहेत: अर्ध्या व्होल्टच्या खालचे मौन सुख मानू नये, एकच एक उत्तर वारंवार आले तर ते खरे मानू नये, दिवा लागला तर तो विझवण्याआधी तार पाहावी. आम्ही साहित्याचे शिक्षक म्हणून मिरवतो, आणि यांतला एकही नियम आम्ही घरच्या माणसाशी पाळला नव्हता.

परतताना गाडी साकोलीपर्यंत एकदाही अडखळली नाही. पुढच्या रविवारी फोन केला तेव्हा "कसं आहे?" हा प्रश्न आम्ही जाणूनबुजून गाळला. "मामाजी, काल रात्री काय रांधलं?" असे विचारले. क्षणभर पलीकडून काही आले नाही. मग म्हणाले, "रांधलं नाही बाबू. चिवडा खाल्ला." त्यापुढच्या रविवारी भात आणि अंबाडीची भाजी होती, मीठ जास्त पडले होते. त्यापुढच्या रविवारी त्यांनी फोन उचलला नाही, आणि आम्ही दुपारच्या गाडीने आमगावला गेलो. ते शेतावर होते. फोन घरी विसरले होते. आम्हाला दारात पाहून ते आधी रागावले, मग चहा ठेवायला आत गेले.